तात्या जगदाळे आणि उलटा ब्रेक

तात्या जगदाळ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना थांबता येत नव्हतं.

गुजरात वेगळं होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. बडोद्याच्या एका मराठी शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू होत होतो. सकाळची प्रार्थना चालली होती. मुलं डोळे मिटून, हात जोडून मैदानावर उभी होती आणि त्यांच्याभोवती एक गृहस्थ इंजिन लावलेल्या सायकलीवरून फटफट करत गोल फिरत होते. खाकी हाफपँट, कानांवर मफलर, भरघोस मिशा आणि फूटपट्टी गिळल्यासारखी ताठ पाठ. मुख्याध्यापकांसमोरून जाताना ते दर फेरीला मान वळवून सलाम ठोकत. मला वाटलं, संस्थानी गाव आहे, असेल इथली काही जुनी रीत.

चौथ्या फेरीला ते माझ्याजवळून जाताना म्हणाले, "नवीन का? नमस्कार. जगदाळे. ड्रिल."

पाचव्या फेरीला म्हणाले, "चेन पडलीय."

सहाव्या फेरीला खुलासा झाला, "आणि ब्रेक चेनवर आहे."

प्रार्थना संपली, मुलांनी डोळे उघडले, आणि तात्यांनी गाडी लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात घातली. गाडी रुतली, तात्या हँडलवरून पुढे जाऊन गुडघ्यांवर टेकले, उठले, मिशांतली वाळू झटकली आणि त्याच आवाजात ओरडले, "सावधान!"

नंतर शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना विचारलं, "अहो, पण इंजिनच का नाही बंद केलंत?"

"बंद करायला काय, बटण आहे. पण दामलेसर, परत सुरू करायला चाळीस पावलं पळावं लागतं. प्रार्थनेच्या वेळी पळणं बरं दिसत नाही."

ही गाडी कुठून आली ते सांगायला हवं, कारण तात्यांना गाडीवेगळं आठवणं मला जमत नाही. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला कुणी एक गोरा इंजिनिअर आला होता. तात्यांनी त्याला सूर्यनमस्कार शिकवले. वर्षभरानं मायदेशी जाताना तो आपली सायकल तात्यांना देऊन गेला. तिला हातानं दाबायचा ब्रेकच नव्हता. पायडल पुढे मारलं की सायकल चालायची आणि उलटं दाबलं की थांबायची. ब्रेकचं सगळं यंत्र मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेरूएवढ्या डब्यात दडलेलं. तात्यांनी तिला फवारणीच्या पंपाचं एक भंगारातलं इंजिन पट्ट्यानं जोडलं. सायकलीच्या वेगासाठी केलेल्या बिचाऱ्या हबवर दुप्पट वेगाला आवर घालायची पाळी आली. ते तापायचं, आतलं ग्रीस पातळ होऊन आऱ्यांवर ओघळायचं, आणि ब्रेक दाबला की रेड्यासारखं ओरडायचं. ग्रीस संपलं की ब्रेकच्या पाकळ्या आत घासून चिकटत, मग चाक अवेळीच थांबे. म्हणजे गाडी एकतर थांबत नसे किंवा थांबली की हलत नसे.

तात्यांचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते. "जगदाळ्यांनी रणात कधी पाय मागे घेतला नाही," असं ते ड्रिलच्या तासाला अभिमानानं सांगत. पाय मागे घेतल्याशिवाय आपली गाडी थांबत नाही हे त्यांच्या लक्षात यायचं नाही, आणि मागच्या रांगेतली मुलं गाल फुगवून हसू दाबायची.

हब उघडणं हे त्यांचं व्रत होतं. मधल्या सुट्टीत ते चाक काढून शिक्षकांच्या टेबलावर ठेवत, खाली वर्तमानपत्र पसरत आणि बाहेर काढलेला प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडत. मग घासलेटच्या वाटीत एकेकाला आंघोळ. "आधी पुसा, मग बोला," हे त्यांचं वाक्य सुट्या भागांनाही लागू होतं आणि वाहत्या नाकांच्या मुलांनाही. नखांत कायमच्या काळ्या चंद्रकोरी. हबच्या दिवशी ते डबा चमच्यानं खात, पोळीसुद्धा. माणसांची पारखही हबवरूनच चालायची. मुख्याध्यापक चिडले की हबमधल्या छर्ऱ्यांवर आवळायचा शंकूसारखा नट दाखवत म्हणत, "कोन जास्त आवळला गेलाय त्यांचा. अर्धा आटा सैल करायला पाहिजे." चित्रकलेच्या बाई कुरकुरल्या की, "कोरड्या पडल्यात. ग्रीस नाही." माझ्याविषयी त्यांचं मत होतं, "दामलेसर चांगले आहेत, पण खेळ जरा जास्त आहे. डुगडुगतात."

एकदा मात्र हे व्रत अंगाशी आलं. शाळेच्या तपासणीसाठी एक साहेब येणार होते. तात्यांनी सकाळीच हब उघडलं आणि आतले पोलादी छर्रे मोजले तर एक कमी. आम्ही सगळे टेबलाखाली ओणवे. तेवढ्यात साहेब आल्याची वर्दी लागली, चाक कपाटामागे गेलं, टेबल पुसलं गेलं आणि त्यावर चहा-चिवडा मांडला गेला. साहेब गंभीर माणूस. चिवड्याचा पहिला घास त्यांनी तोंडात टाकला आणि कट्ट असा आवाज आला. साहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी दोन बोटांनी तोंडातून एक चकचकीत गोळी काढून तळहातावर ठेवली.

"मिळाला!" तात्या ओरडले. पुढे होऊन त्यांनी साहेबांच्या तळहातावरून छर्रा उचलला, उजेडात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "वा! चरासुद्धा नाही पडला."

"माझा दात?" साहेबांनी विचारलं.

"तो तुम्ही बघा," तात्या आदरानं म्हणाले.

त्या वर्षी ड्रिलचा शेरा काय आला असेल तो आला. तात्यांना त्याचं काही नव्हतं, छर्रे पुरे भरले होते ना.

तात्यांचं लग्न झालेलं नव्हतं. चाळिशी उलटून गेली होती. घरी एकटेच, वरणभातावर राहत. माझ्या बायकोला, सुधाला, हे पाहवेना. तिचे एक लांबचे काका बडोद्याजवळच्या करजणला स्थायिक झाले होते, त्यांच्या ओळखीत एक मुलगी होती, मुलगी म्हणजे पस्तिशीची, शिवणाचे वर्ग घेणारी. सुधानं बोलणी लावली. मी आणि ती एसटीनं पुढे गेलो. तात्या म्हणाले, "मी आपल्या वाहनानं येतो. माणूस कसा आहे ते त्यांना कळलं पाहिजे."

ते कळलं.

दहाला येतो म्हणाले होते, साडेअकरा झाले. मुलीकडची माणसं ओट्यावर उभी. लांबून फटफट ऐकू आली, त्यामागून भुंकणं. कोपऱ्यावरून तात्या वळले, इस्त्रीचा सदरा, कपाळावर घाम, आणि मागे कुत्री. मी मोजली नाहीत, पण पंधराच्या खाली नव्हती. गाडी थांबली तशी सगळी मागच्या चाकावर तुटून पडली आणि हब चाटू लागली. एक तापलेल्या हबला जीभ लावून केकाटलं आणि पुन्हा चाटायला लागलं.

झालं होतं असं, की अर्ध्या वाटेत हबमधलं ग्रीस जळून गेलं आणि चाक अडकलं. रस्त्याकडेच्या एका घरात तात्यांनी ग्रीस मागितलं. म्हातारीला ग्रीस म्हणजे काय ते कळेना, तिनं विचार करून लोणकढं तूप आणून दिलं. तात्यांनी ते हबमध्ये ठासून भरलं. चाक लोण्यासारखं फिरू लागलं. पण हब तापलं तसं तूप कढू लागलं आणि त्या खमंग वासानं वाटेतल्या प्रत्येक गावची कुत्री वरातीत सामील होत गेली.

दोन कुत्री तात्यांच्या मागोमाग बैठकीत आली. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, कुत्री पाहून किंचाळली आणि पोहेही त्यांनीच खाल्ले. मुलीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "आपण नेहमी असेच येता?"

"नाही," तात्या खरं तेच म्हणाले, "नेहमी ट्रॅक्टरचं ग्रीस वापरतो."

नकार संध्याकाळच्या आतच आला. सुधा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू तूप मी भरलं होतं.

पण त्या तुपानंच पुढचं सगळं घडलं. हब आतून बरबटलं होतं, वास जाता जात नव्हता, शाळेच्या फाटकाशी कुत्री ठाण मांडून बसत. कुणीतरी सांगितलं की शहराबाहेरच्या छाणीला एक बेन सायकलचं दुकान चालवतात, असल्या परदेशी हबचं काम फक्त त्यांनाच येतं. एका रविवारी तात्या मला कॅरिअरवर बसवून तिकडे घेऊन गेले.

मंजुबेन अडतीस-चाळिशीच्या. वडील गेल्यावर दुकान त्यांनी हाती घेतलं होतं. भाऊ सुरतला होता, आणि लग्नाचं वय पंक्चर काढण्यात कधी निघून गेलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. साडीचा पदर खोचलेला, कानात लहानशी कुडी, हातात पाना. त्यांनी हब उघडलं, वास घेतला आणि तात्यांकडे वर पाहिलं.

"तात्याभाई, आ हब छे के घीनी बरणी?"

तात्या लाजले. ड्रिलमास्तर लाजलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मग मंजुबेननी आमच्यासमोर ते हब असं स्वच्छ केलं की आम्ही पाहतच राहिलो. ट्रकच्या चाकाचं काळं, घट्ट ग्रीस आणलं. "तापे तोये ओगळे नहीं," म्हणाल्या. छर्ऱ्यांना भरपूर, पाकळ्यांना बोटभर, जास्त नाही. सगळं बसवून कोन आवळला आणि चाक हवेत धरून सोडून दिलं. ते सावकाश हललं, हवेच्या नळीच्या इवल्याशा वजनानं झोके घेत घेत नळी खाली येऊन थांबलं. "नळीना वजनथी फरवुं जोईए," त्या म्हणाल्या. शेवटी हबच्या बाजूचा लोखंडी दांडा सायकलीच्या सांगाड्याला पट्टीनं आणि लहानशा बोल्टानं बांधला. "आ भूलशो नहीं. हा दांडा सुटला तर ब्रेक नाय, काय पण नाय."

कुणाचं म्हणून न ऐकणारे तात्या मान हलवत होते. परतताना शाळेजवळ आल्यावर म्हणाले, "दामलेसर, बोटभर म्हणाल्या ना? मी आजवर मूठभर घालत होतो."

त्यानंतर दर रविवारी तात्या छाणीला. ग्रीस तीन महिन्यांतून एकदा बदललं तरी पुरे, हे मंजुबेननी स्वतःच सांगितलं होतं. तरी तात्या जात. त्या हब उघडत, आत पाहत, ते आरशासारखं लख्ख असे, पुन्हा बंद करत. चहा होई. तात्या परत येत आणि सोमवारी दिवसभर मुलांना कुणी पळायला लावत नसे.

अडचण एकच होती. ती त्यांनी आमच्या घरी जेवताना सांगितली, आमटीत बघत. "त्या मला तात्याभाई म्हणतात. मी त्यांना मंजुबेन म्हणतो. सांगा वहिनी, यातून माणसानं पुढे जायचं कसं?"

अडचण खरी होती. गुजरातमध्ये पिढ्यानपिढ्या राहूनही बडोद्याच्या मराठी माणसांपैकी कुणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं. सुधानं सुचवलं, "ताई म्हणा."

"ताई म्हणजे तरी कोण? बहीणच ना?"

"मग नुसतं अहो म्हणा. आमच्यात नाही का म्हणत?"

पुढच्या रविवारी त्यांनी धीर करून म्हटलं, "अहो!" गुजरातीत "अहो" हा आश्चर्याचा उद्गार. मंजुबेन दचकल्या, हातातला पाना पडला. "शुं थयुं? छर्रो तूट्यो?" दोघांनी मिळून सगळे छर्रे तपासले. एकही तुटला नव्हता. तात्या घरी आले.

असं वर्ष गेलं. मग एका रविवारी ते परतले ते काळवंडलेलेच. मंजुबेनचा भाऊ पुढच्या सोमवारी येणार होता. एकटी बाई लोकांच्या सायकली दुरुस्त करते हे त्याला बरं वाटत नव्हतं. दुकानाला कुलूप घालून तो बहिणीला सुरतला नेणार होता, त्याच्या मुलांना सांभाळायला.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हणालो, सुरतेची हवा चांगली आहे."

सुधानं कपाळाला हात लावला. शेवटच्या रविवारी तिनं मला तात्यांबरोबर पिटाळलं. "ते बोलल्याशिवाय परत यायचं नाही," असं सांगून.

भर दुपार होती. मंजुबेननी हब उघडलं. तात्या स्टुलावर, मी बाकावर. मंजुबेन घासलेटमध्ये ब्रश बुडवून एकेक छर्रा घासत होत्या.

"आ छेल्ली वार, शेवटचा," मंजुबेन म्हणाल्या. "आता तुमी स्वतः करा."

"हो," तात्या म्हणाले. मग जरा थांबून, "ग्रीस ट्रकचंच ना?"

"हा ने. ट्रकनुंज."

मी खोकलो.

"दामलेसर, पाणी प्या," तात्या म्हणाले.

हब बंद झालं. मंजुबेननी चाक हवेत धरून सोडलं. नळी डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे. आम्ही तिघं त्या चाकाकडे पाहत होतो. ते थांबलं. तात्या उठले, दाराशी गेले, रस्त्याकडे तोंड करून ड्रिलला उभं राहतात तसे उभे राहिले, आणि वळले.

"मंजुबेन."

"बोलो, तात्याभाई."

त्यांची हवाच गेली. खांदे खाली आले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "एक विनंती आहे. मला भाई म्हणू नका."

"केम? खोटुं लाग्युं?"

"राग नाही. पण तुम्हाला एक भाऊ आहे. सुरतेला. एक पुरे."

मंजुबेननी फडक्यानं हात पुसायला घेतले. एकेक बोट पुसलं. मला दुकानात टांगलेले टायर मोजण्याखेरीज काही सुचेना.

"तो पछी तमे मने बेन केम कहो छो?"

"सगळेच म्हणतात."

"बधा कंई दर रविवारे चोख्खुं हब खोलाववा नथी आवता," मंजुबेन म्हणाल्या. आणि मग मराठीत, म्हणजे त्यांच्या मराठीत, "मी वरस झाला बघते. उघडते, काय पण नाय. बंद करते. मला समजत नाय काय?"

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी काय बोलू? घराक छो, गिराईक. गिराईकाला बोलते काय, की तुमचा हब बराबर आहे, तुमी खोटा खोटा येता?"

तात्या हसू लागले. मंजुबेनही. मी बाहेर जाऊन शेजारच्या टपरीवर एकापाठोपाठ एक तीन चहा प्यायलो. परत आलो तेव्हा दोघं मिळून चाक बसवत होते आणि दोघांचेही हात कोपरापर्यंत काळे होते.

निघालो. तात्या गात होते, बहुधा ड्रिलचंच काहीतरी. तळ्याच्या उतारावर गाडीनं वेग घेतला आणि ते मागे वळून म्हणाले, "दामलेसर, ब्रेक लागत नाहीये."

"काय?"

"पाय उलटा गरागरा फिरतोय! दांड्याची पट्टी बांधायलाच विसरलो! दोघंही!" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला ओरडायचं सुचलं नाही. आम्हाला एका म्हशीनं थांबवलं. ती तळ्यातून नुकतीच बाहेर येत होती. तिनं मान वळवून पाहिलं आणि पुढे गेली. मी चिखलात, तात्या चिखलात, आणि ते आभाळाकडे बघून म्हणत होते, "दोघंही विसरलो, दामलेसर. त्यासुद्धा!"

सोमवारी भाऊ कुलूप घेऊन आला. मंजुबेननी त्याला तात्यांचं सांगितलं, दुकानाची किल्ली कमरेला खोचली आणि पंक्चर काढायला बसल्या. तो दिवसभर पायरीवर बसून राहिला. मराठी माणूस, त्यात मास्तर, त्यात ही गाडी, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. संध्याकाळी तात्या आले, त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्याला म्हणाले, "तुम्हाला सूर्यनमस्कार येतात का?" काय बोलणं झालं कोण जाणे. तो कुलूप घेऊन सुरतला परतला, आणि महिन्याभरानं लग्नाला आला तेव्हा मोठ्या पातेल्यात उंधियु घेऊन आला.

दुकान चालूच राहिलं. शाळा सुटली की तात्या तिथे पंक्चर काढत. ते त्यांना मंजू म्हणत, त्या त्यांना जगदाळे म्हणत, पोलीस हाक मारतात तशी. सुधाला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही नाशिकला मुलाकडे आलो. त्यानंतर एकदाच, काही कामानं बडोद्याला गेलो होतो, तेव्हा अलकापुरीत चौकात उभा असताना फटफट ऐकू आली. वाहनांच्या गर्दीतून ती गाडी आली. चालवत मंजुबेन होत्या, केस पांढरे, चष्मा, पदर खोचलेला. मागे कॅरिअरवर तात्या, गुडघे धरल्यामुळे दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलेले, बायका बसतात तसे, मांडीवर वांग्यांची पिशवी. पाठ तशीच ताठ. वळणाचा इशारा द्यायचं काम त्यांच्याकडे असावं. मला पाहून त्यांचे डोळे मोठे झाले, ते काहीतरी ओरडले, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी हात केला. त्यांनी पिशवी सावरत डावा हात लांब केला, अगदी ड्रिलसारखा, खांद्याच्या रेषेत.

मंजुबेन उजवीकडे वळल्या. पुढच्या कोपऱ्याआड दिसेनासे होईपर्यंत तात्यांचा हात डावीकडेच होता.